राजवाडा बाहेरूनच बघायचाय, तरी जा!

एक गाडी, एक गाइड, पाच माणसं आणि एक दिवस. शिरवणे ते मुरूड या प्रायव्हेट टूरमध्ये काय बघाल, काय सोडाल आणि निघण्याआधी कॅलेंडरमधली तिथी का बघाल, त्याची ही गोष्ट.

तुमच्या ग्रुपवर ‘अलिबाग?’ एवढाच मेसेज आजवर किती वेळा पडलाय? आणि त्यातले किती प्लॅन खरंच झालेत? आमचा अकरा महिने झाला नव्हता. कुणाची सबमिशन, कुणाची नाइट शिफ्ट, कुणाच्या घरी ‘पोरीपोरीच जाणार का?’ शेवटी गेल्या जानेवारीत आम्ही गेलो तेव्हा ग्रुपमधल्या दोघीच उरल्या होत्या. उरलेल्या दोन सीट भरल्या माझ्या आईने आणि आजीने. हो, आजीने. वय पंचाहत्तरच्या पुढे, गुडघ्याला पट्टा आणि पिशवीत स्वतःचा पाण्याचा तांब्या. इन्स्टाच्या दृष्टीने ट्रिप तिथेच संपली, असं आमचं मत झालं होतं. ते कसं चुकलं, ते पुढे सांगते.

आम्ही शिरवण्याच्या. जुईनगर स्टेशनला उतरलात की हायवेच्या अंगाला जे दाट गाव दिसतं ना, ते. बाहेरच्यांना ते नेरुळचं सेक्टर एक आणि एमआयडीसी म्हणून माहीत असतं. इथे घराघरात एखादी पिवळ्या नंबरप्लेटची गाडी सापडते आणि ती बहुतेक कुठल्या तरी कंपनीला ‘लावलेली’ असते. माझ्या आत्याच्या मुलाची, म्हणजे दादाची अर्टिगाही तशीच. रोज रात्री कॉल सेंटरची माणसं घरी सोडायची. त्याला गेलं वर्षभर एकच वेड आहे, लोकांना फिरवायचं. मुंबईत क्रूझवरून उतरणारे परदेशी पाहुणे एका दिवसासाठी गाडी आणि गाइड घेतात, राजवाडे-किल्ले बघतात, संध्याकाळी परत. ‘आपल्या माणसांना का नाही?’ असं दादाचं म्हणणं. तर त्याचा पहिला प्रयोग आमच्यावर झाला.

प्रायव्हेट टूर म्हटलं की आपल्याला वाटतं, हे श्रीमंतांचं काम. हिशोब करून बघा. बाहेरगावच्या गाडीला आपल्याकडे साधारण दिवसाला ३०० किलोमीटरचं मिनिमम लावतात. शिरवणे ते मुरूड जाऊन-येऊन जवळपास तेवढंच होतं, म्हणजे ते किलोमीटर वाया जात नाहीत. आम्हाला १६ रुपये दराने गाडीचे ४,८०० पडले. ड्रायव्हरचा भत्ता ५००, टोल-पार्किंग मिळून ३००. गाइडने दिवसाचे १,५०० घेतले. एकूण ७,१००, पाच जणांत भागिले तर माणशी १,४२०. यात जेवण आणि होडीचे पैसे नाहीत. गाइड अलिबागला गाडीत बसला आणि परतताना तिथेच उतरला. त्यामुळे एक सीट त्याच्यासाठी मोकळी ठेवावी लागते, हे विसरू नका. आमच्या मैत्रिणींपैकी एकजण ऐनवेळी ‘मीपण येते’ म्हणाली होती. तिला नाही म्हणताना जीवावर आलं.

बुक करताना तीन गोष्टी विचाराच. ठरलेल्या किलोमीटरच्या पुढे दर काय? गाइड पूर्ण दिवस सोबत आहे की फक्त किल्ल्यावर? आणि पावसाळा आहे का? हा प्रश्न वेडगळ वाटेल, पण जंजिऱ्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात आणि जून-जुलैत जाऊन राजपुरीच्या धक्क्यावरून हात हलवून परत येणारे लोक दरवर्षी असतात.

आता आजी.

आधी एका टूरवाल्याने आम्हाला छापील प्लॅन पाठवला होता. रंगीत, वरती सूर्यास्ताचा फोटो. त्यात पहिली ओळ : सकाळी ८.३०, कुलाबा किल्ला, पायी. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला नाही, एवढं तुम्हालाही माहीत असेल. निघायच्या आदल्या रात्री मी तो प्लॅन मोठ्याने वाचत होते आणि आजी तांदूळ निवडत होती.

‘उद्या तीथ कवची?’

आईने कालनिर्णय बघून सांगितलं, दशमी.

‘मंग साडेसातला पानी भरंल. तू साडेआठला चालत कशी जाशील, पवत?’

तिने हे तांदळातून मान वर न करता सांगितलं. मी फोनवर भरती-ओहोटीचं टेबल उघडलं. वीस-पंचवीस मिनिटांचा फरक सोडला तर बरोबर. ओहोटी दुपारी दोनच्या आसपास.

हिशोब इतका सोपा आहे की शाळेत शिकवायला हवा होता. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. पावकी, निमकी, पाऊणकी हे जुने पाढे आपल्या पिढीने फक्त ऐकलेत. आजीला अजून येतात. दहा पाऊण साडेसात. म्हणजे दशमीला सकाळी आणि रात्री साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवा, ओहोटी. कारण चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच मागे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला आपल्या किनाऱ्यावर भरती बाराच्या आसपास येते, तिथून मोजणी सुरू. शुक्ल पक्ष, कृष्ण पक्ष, दोन्हीला हाच नियम. अष्टमीच्या आसपास पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, तो भांग. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण. आमच्या गावच्या मागे पाम बीच रोड यायच्या आधी खाडी होती, मिठागरं होती, आणि आजी लग्न होऊन आली तेव्हा मिठागरावर काम करायची. पाणी कधी आत घ्यायचं, कधी उघाडी बंद करायची, हे तिथीवर चालायचं. घड्याळ तिच्या घरात नंतर आलं.

थोडक्यात, तुम्हाला कुलाबा किल्ल्यात सकाळी चालत जायचं असेल तर चतुर्थी-पंचमी निवडा. पंचमीला भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी पावणेदहाच्या सुमारास. आणि निघण्याआधी टाइड टेबलवर खात्री करा, आजी असली तरी.

छापील प्लॅन रद्द झाला, टूरवाला रद्द झाला, दादाने ओळखीतून अलिबागचा एक गाइड गाठला. पहाटे साडेपाचला निघालो. पनवेल, कर्नाळ्याची झाडी, पेण, वडखळ. या टप्प्यावर सांगण्यासारखं एकच : वडखळचा नाका सात वाजायच्या आत ओलांडा. शनिवार-रविवारी तेही जमणार नाही, म्हणून मधलाच वार घ्या. आम्ही मंगळवारी गेलो.

अलिबागला आठला पोचलो तेव्हा किल्ल्याच्या भोवती पाणीच पाणी. एक कुटुंब चपला हातात घेऊन काठावर उभं होतं, त्यांच्याकडे बहुधा तोच रंगीत प्लॅन असावा. आजीने मला कोपर मारलं.

किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरा झाला. पण अलिबाग ओळखलं जातं ते आंग्र्यांमुळे. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले, त्यांची समाधी गावातच आहे आणि तिथे गर्दी अजिबात नसते. समुद्रावर इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी अशा सगळ्यांना धाकात ठेवणारा माणूस, आणि समाधीपाशी त्या सकाळी आम्ही पाचजणी, गाइड आणि एक झाडूवाले काका. दुसरी जागा बाहेरूनच दाखवली, चुंबकीय वेधशाळा. ही आधी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या विजेने पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती इथे हलवली. एका कुलाब्याहून दुसऱ्या कुलाब्याला! ‘अलिबाग से आया क्या’ म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी हे ऐकवा.

तिथून पुढचा रस्ता म्हणजे या ट्रिपचा खरा माल. डावी-उजवीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्ये गाडी जेमतेम जाईल एवढा रस्ता. चौल आज गाव वाटतं, पण हे हजारो वर्षांचं बंदर. पंधराव्या शतकात रशियातून निघालेला अफानासी निकितीन नावाचा व्यापारी इथेच उतरला होता. वास्को द गामाच्या आधी. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. रेवदंड्याची तटबंदी पोर्तुगीजांची. १५०८ मध्ये चौलच्या समुद्रात मोठी लढाई झाली आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा त्यात मारला गेला. पण शेवटी राहिले तेच, थेट १७४० पर्यंत, मराठ्यांनी घेईपर्यंत. आज त्या तटाला लागून लोकांची घरं आहेत, कपडे वाळत घातलेत, कोंबड्या फिरतायत. मला हे फार आवडलं. तिकीट नाही, पाटी नाही, सेल्फी पॉइंट नाही.

कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव आणि मग कोर्लई. किल्ल्यावर चढायचं आम्ही सोडून दिलं, आजीमुळे नाही, वेळेमुळे. गाइडने गाडी गावाच्या तोंडाशी थांबवली आणि म्हणाला, ‘इथे बघायचं काही नाही, ऐकायचं आहे.’ कोर्लईत ख्रिस्ती कुटुंबं एक भाषा बोलतात, ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज आणि मराठीच्या संसारातून झालेली. पोर्तुगीज १७४० मध्ये निघून गेले, त्यांच्या माघारी ही बोली पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ एका गावात टिकली. बोलणारे हजाराच्या आसपास. जगभरातले भाषेचे अभ्यासक इथे येऊन गेलेत आणि आपण काशीदला जाताना काच वर करून पुढे जातो.

माझ्या मैत्रिणीने लगेच मोबाइल काढला. गाइड म्हणाला, ‘ताई, कुणाला बोलून दाखवा असं म्हणू नका. तुम्हाला कुणी रस्त्यात अडवून आगरी बोलून दाखव म्हटलं तर?’ तिने मोबाइल ठेवला. आम्ही एका दुकानात लिमलेटच्या गोळ्या घेतल्या, गल्ल्यावरच्या बाई आतल्या कुणाशी तरी बोलत होत्या, आणि ती दोन-तीन वाक्यं आमच्या कानावर पडली. मराठीची चाल वाटते, शब्द कळत नाहीत. बस, एवढंच. तो दीड मिनिटाचा थांबा कुठल्याही बसच्या टूरमध्ये नसता. चांगला गाइड किती तारखा सांगतो यावर ओळखू नका. तो कुठे गप्प बसायला सांगतो, ते बघा.

काशीदला पोचलो तेव्हा साडेअकरा. पांढरी वाळू, निळं पाणी, दोघी मैत्रिणी चपला काढून धावल्याच. गाइडने जोरात हाक मारली, इतकी जोरात की आम्ही दचकलो. ‘घोट्याच्या वर नाही!’ ओहोटी लागली होती. ओहोटीचं पाणी दिसायला मऊ असतं, पण ते आत ओढतं. मग गाडीत बसल्यावर त्याने सांगितलं, १ फेब्रुवारी २०१६. पुण्याच्या एका कॉलेजची सहल मुरूडच्या किनाऱ्यावर आली होती. चौदा मुलं-मुली बुडाली. आपल्याच वयाची. तो म्हणाला, त्या दिवसापासून कुणी कितीही रागावलं तरी मी पाण्याजवळ ओरडतो. आम्हाला थोडं ओशाळल्यासारखं झालं. तुम्हीही असा ओरडणारा माणूस सोबत असेल तर त्याला ‘अंकल, चिल’ म्हणू नका.

काशीदनंतर फणसाडचं जंगल लागतं. ही एकेकाळची नबाबाची शिकारीची राखीव जागा, आता अभयारण्य. शेकरू दिसली तर नशीब, आम्हाला दिसली नाही. नांदगाव मागे पडलं आणि मुरूडच्या अलीकडे गाइडने गाडी कडेला घ्यायला सांगितली. वर टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून, घुमट आणि कमानींचा तो उभा होता. जंजिरा संस्थानच्या नबाबाचा राजवाडा, अहमदगंज. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळातला.

आणि आता वाईट बातमी : आत जाता येत नाही. खासगी मालमत्ता आहे. गेट बंद. बऱ्याच टूरच्या यादीत ‘पॅलेस व्हिजिट’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ रस्त्यावर उभं राहून मान वर करणं. हे आधीच माहीत असलं की चिडचिड होत नाही. वॉचमनला पैसे देऊन घुसण्याचे ‘जुगाड’ सांगणारे भेटतील, त्या भानगडीत पडू नका. कुणाचं तरी घर आहे ते.

आजी बराच वेळ बघत होती. मला वाटलं, भारावली असेल. ‘यवरा मोठा वारा,’ ती म्हणाली (वारा म्हणजे वाडा, आमच्याकडे ड चा र होतो), ‘यचा केर कोन काढीत असंल?’

आपल्या इतिहासाच्या पुस्तकात हा प्रश्न कधी आला नाही, पण बघा, हाच प्रश्न १९४८ मध्ये जरा वेगळ्या शब्दांत विचारला गेला. देश स्वतंत्र झाला तरी जंजिऱ्यात नबाबाचंच राज्य होतं. जानेवारी १९४८ मध्ये नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने लोक संस्थानात घुसले, म्हसळा-श्रीवर्धन ताब्यात घेतलं आणि त्याच वर्षी संस्थान विलीन झालं. धारिया पुढे केंद्रात मंत्री झाले. त्या जानेवारीत त्यांचं वय बावीस होतं. बावीस! आमचा अलिबागचा प्लॅन व्हायला अकरा महिने लागले.

मुरूडला एका घरगुती खानावळीत जेवण आधीच फोन करून सांगितलं होतं. हे तुम्हीही करा, नाहीतर दोन वाजता जाऊन ‘फक्त अंडाकरी आहे’ ऐकाल. तांदळाची भाकरी, सुरमई, बोंबील, सोलकढी. आजीने बोंबील चाखून ‘शिळं नाय’ असं प्रमाणपत्र दिलं.

मग राजपुरी. इथून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात. मुरूडच्या खोरा बंदरावरूनही जातात. शुक्रवारी जाणार असाल तर दुपारच्या वेळा आधी विचारून ठेवा. लाइफ जॅकेट मागून घ्या, लाजू नका. आईची चिंता एकच, आजी होडीत चढणार कशी? आम्ही दोघी दोन बाजूंनी तयार उभ्या. आजीने पदर खोचला, होडी लाटेवर वर आली त्या क्षणी पाय टाकला आणि आत जाऊन बसली. चढताना धडपडले ते आम्ही. उतरतानाही तेच, जंजिऱ्याच्या दरवाजाशी धक्का असा नव्हता, होडी हलत होती आणि पायरीवर उडी घ्यावी लागली. होडीवाला तिला म्हणाला, ‘मावशी, कुठल्या बंदराच्या?’ ती म्हणाली, ‘बंदर व्हता तवा शिरवन्याची.’

किल्ला जवळ येतो तसा दरवाजा दिसत नाही. अगदी भिडेपर्यंत नुसती भिंत. ही त्याची खुबी. आत शिरताना भिंतीवर पंजात हत्ती धरलेला वाघ कोरलाय. आत दोन गोड्या पाण्याचे तलाव, चारी बाजूंनी खारं पाणी असताना. तटावर कलाल बांगडी, चावरी, लांडा कासम या तोफा. आणि मधोमध सुरुलखानाचा वाडा, काही मजले उरलेला, खिडक्यांतून आकाश दिसणारा. राजवाडा आतून बघायची हौस इथे फिटते. नबाबाच्या वाड्याला कुलूप आहे, त्याच्या पूर्वजाच्या वाड्याला छप्परच नाही.

किल्ल्यावर स्थानिक गाइड वेगळे असतात, होडीसोबतच येतात, आणि पाऊण तासात सगळं दाखवून परत. त्यांचं ऐकताना एक काम करा. बुरूज किती, असं दोघातिघांना विचारा. आम्हाला एकोणीस, बावीस आणि सव्वीस अशी तीन उत्तरं मिळाली. तोफेचा पल्ला तर प्रत्येक वाक्याला वाढत जातो. त्यांना फसवे म्हणू नका. दिवसाला आठ-दहा वेळा तीच गोष्ट सांगायची तर माणूस मीठ घालणारच. पण शहाण्याने घरी येऊन एकदा तपासावं.

एक गोष्ट मात्र सगळे सारखी सांगतात. आधी या बेटावर कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. राम पाटील त्यांचा प्रमुख. पिरमखान नावाचा सरदार व्यापारी म्हणून आला, आसरा मागितला, कोळ्यांना दारू पाजली आणि पेट्यांत लपवून आणलेले सैनिक बाहेर काढून बेट घेतलं. मग दगडी किल्ला सोळाव्या शतकात झाला आणि सिद्दींचा झाला. सिद्दी म्हणजे मूळचे आफ्रिकेतले, हबशी. कुणी गुलाम म्हणून आले, कुणी शिपाई, कुणी दर्यावर्दी, आणि एका बेटाच्या जोरावर तीनशे वर्षं टिकले. शिवाजी महाराजांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये दगड टाकून समुद्रात वाट बांधायला घेतली. किल्ला पडला नाही.

तटावरून वायव्येला समुद्रात दुसरा किल्ला दिसतो, पद्मदुर्ग. जंजिऱ्याला शह म्हणून महाराजांनी कासा बेटावर बांधला. त्याचं काम चालू असताना रसद न पोचवणाऱ्या प्रभावळीच्या सुभेदाराला, जिवाजी विनायकला, महाराजांनी १६७५ मध्ये लिहिलेलं कडक पत्र आजही उपलब्ध आहे. तो सुभेदार ऑफिसात बसून ‘होतंय, करतोय’ म्हणणाऱ्या जातीचा असावा. आणि इथेच लाय पाटलाची गोष्ट ऐकली. जंजिऱ्याला रात्री शिड्या लावणारा हा कोळी. मागून येणारी कुमक वेळेत आली नाही म्हणून बेत फसला, पण महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. तो म्हणाला म्हणे, आम्ही दर्यावरची माणसं, पालखी घेऊन काय करू? तेव्हा महाराजांनी त्याला ‘पालखी’ नावाचं गलबतच बांधून दिलं. अशी परंपरेने सांगितली जाणारी कथा आहे.

गाइडने ती छान सांगितली. आम्ही टाळ्या वाजवल्या. आजी मात्र अजून राम पाटलाशीच अडली होती.

‘पावन्याला घरात घेतला नि घर गेला,’ ती म्हणाली. ‘आमचाबी तसाच.’

गाइडला कळलं नाही. आईने त्याला समजावलं. १९७० मध्ये नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. शिरवणे त्यातलंच. शेती गेली, मिठागरं गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या हाकेवर जासईला हजारो लोक उतरले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा मार्ग निघाला. आजी त्या मोर्च्यात होती. हे मला माहीत होतं, पण कसं माहीत होतं? जसं जंजिरा अजिंक्य आहे हे माहीत होतं, तसं. तटावर बसून, पद्मदुर्गाकडे बघत, तिने पहिल्यांदा सलग सांगितलं. कोण कोण गेलं, डबा कुणी बांधला, घरी परत यायला किती रात्र झाली, माझे बाबा तेव्हा केवढे होते. होडीवाल्याने दोनदा शिट्टी मारली तरी ती उठली नाही. त्या दिवशीची ती एकमेव गोष्ट, जिचा आम्ही कुणीही व्हिडिओ केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

खोकरीचे घुमट, म्हणजे सिद्दींच्या कबरी, राहिले. त्यात जंजिऱ्यात ज्याचा वाडा पाहिला त्या सुरुलखानाचीही कबर आहे. राजपुरीपासून जवळ आहेत, शांत आहेत, तुम्ही चुकवू नका. आम्ही यादीतल्या अकरा जागांपैकी सहा बघितल्या आणि मला तरी सहाच पुष्कळ वाटल्या. ज्यांना कुलाबा आणि जंजिरा दोन्ही एकाच दिवशी हवेत, त्यांनी खुशाल जावं. त्यांना दोन्हीकडच्या पायऱ्या आठवतील.

परतताना राजवाड्याखाली पुन्हा थांबलो. सूर्य खाली चालला होता, घुमट तांबूस दिसत होता आणि फोटो घ्यायची खरी वेळ हीच. दुपारच्या उन्हात काढलेले सगळे मी डिलीट केले. रस्त्याला एका वाडीत पोपटी लावली होती, मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, भोवती जाळ. जानेवारीत गेलात तर विचारून बघा. अलिबागला गाइड उतरला. उतरताना त्याने फोन काढला आणि आजीला म्हणाला, ‘आजी, ते पाऊणचं परत एकदा सांगा, लिहून घेतो.’ दादा आरशातून बघत होता. त्याने आता केंद्राच्या पर्यटन खात्याच्या टुरिस्ट फॅसिलिटेटर कोर्सची माहिती काढलीय. ऑनलाइन असतो, सर्टिफिकेट मिळतं. तुमच्यापैकी कुणाला हे काम करायचं असेल तर तुम्हीही बघा. नुसती गाडी चालवण्याचे आणि गाडी चालवून गोष्ट सांगण्याचे पैसे वेगळे मिळतात, असा त्याचा हिशोब आहे. गोष्टी कुठून आणणार, असं मी विचारलं तर त्याने मागच्या सीटकडे बोट केलं. आजी झोपली होती.

वडखळला तासभर अडकलो. घरी पोचायला साडेदहा झाले.

काही दिवसांनी आमच्या घरचा फोन वाजला. अलिबागचा गाइड. ‘आजी आहेत का? शनिवारी मुंबईची पार्टी आहे, कुलाबा किल्ला चालत म्हणतायत. त्रयोदशी आहे.’

आजीने फोन कानाला उलटा लावला, मग सरळ केला.

‘तेरा पाऊन पावनेधा. सकाली पानी भरेल असंल,’ ती म्हणाली. ‘जेवून ने त्यांना. साडेतीनला.’